चौथ्या पंपाची ओळ

परळच्या एका टॉवरच्या तळघरात धनेश लॅपटॉप घेऊन बसला होता. प्रत्येक पंपावरच्या सेन्सरने मोजलेलं तापमान आणि थरथर मेंटेनन्सच्या सॉफ्टवेअरमध्ये आपोआप यावी, म्हणून तो एकेक ओळ भरत होता. यादी जुनी होती. तिच्यावर विसंबून त्याने चार पंपांच्या ओळी भरल्या.

"चौथा कधीच काढला रे," आनंदामामा म्हणाले. पंप तेच सांभाळायचे. रोज सकाळी प्रत्येक पंपावर तळहात ठेवून ते त्याचा ताप बघत. चौथ्याच्या रिकाम्या ओट्याला मात्र वळसा घालून जात.

धनेश ती ओळ पुसणार, तोच तिच्यात आकडे उमटले. तापमान सदतीस. थरथर, मिनिटाला बहात्तर ठोके.

चौथा सेन्सर तर अजून त्याच्या बॅगेत, सीलबंद खोक्यात होता.

धनेश उठला आणि त्याने ओट्यावर तळहात टेकवला. सिमेंट गारठलेलं होतं.

"मामा, इथे काहीच नाही."

मामा स्क्रीनकडे बघत होते. चौथ्या ओळीत आता शून्य होतं.

"हात लावलास?" त्यांनी हळूच विचारलं.

धनेशने हात उचलला. तळहातात काहीतरी संथपणे ठोके देत होतं.

मामा उठले, आणि धनेशला वळसा घालून जिन्याकडे गेले.