हातचा एक

सागिनच्या पत्राला मी कधी उत्तर दिलं नाही. १९६ ही संख्या उलटी करून तिच्यातच मिळवायची, आलेली बेरीज पुन्हा उलटी करून मिळवायची. कधीतरी दोन्हीकडून सारखी वाचता येणारी संख्या हाती लागेल, या नादात नारिन गावी त्याचं म्हातारपण चाललं होतं. “सोबतचं पहिलं पान तपासा, मास्तर. चूक निघाली तर नाद सोडतो,” असं त्याने लिहिलं होतं. सातव्या बेरजेत हातचा एक मिळवायचा राहिला होता, म्हणजे पुढची सगळी पानं फुकट. पण माझंच चुकत असेल, असं वाटून मी गप्प बसलो.

त्याच्या दफनाच्या वेळी, रिवाजाप्रमाणे, त्याच्या धाकट्या मुलाने, कुबातने, सगळ्यांना विचारलं, “वडिलांचं काही राहिलं असेल तर सांगा. मी पुरं करतो.”

“ती बेरीज तेवढी राहिलीय बघ,” मागून त्याचा चुलता पुटपुटला. दोघंतिघं हसले.

कुबात हसला नाही. “मग कॉलेज सोडतो आणि तेच करतो. मास्तर, पहिलं पान बरोबर होतं ना?”

सगळे माझ्याकडे बघू लागले.

“घरी जाऊन बघतो आणि कळवतो,” मी म्हणालो.

* * *

सातवी बेरीज पुन्हा करून पाहिली; हातचा राहिलेलाच होता. काल कुबातला पोस्टाने उत्तर टाकलं. “तपासलं. चूक नाही.”