येळवशीची गाडी

बार्शीची एसटी फलाटाला लागली आणि गर्दी दारावर तुटून पडली. काशम्मा मात्र जागची हलली नाही. काखेत जेवणाचं गाठोडं, हातात बुटकं लाकडी स्टूल. आपल्या उंचीच्या बाईनं गर्दीत शिरलं की नुसती लोकांची कोपरं खावी लागतात, हे तिला ठाऊक होतं.

आज वेळ अमावास्या, म्हणजे येळवस. ज्याचं शेत असेल तो आपल्या शेतात, नसेल तो दुसऱ्याच्या. पण आज घरात बसून जेवायचं नाही. भज्जी, उंडे, आंबील, खीर, सगळं रानात. काशम्माचा नवरा चनमल्लप्पा सुतार. त्याला गुंठाभरही जमीन नव्हती. बोलावणी मात्र ढिगानं यायची, कारण निम्म्या गावांची दारं-चौकटी त्याच्या हातची. पण तो कुणाकडं जेवायला गेला नाही. "आपलं श्यात म्हंजी नान्नजकडचं माळरान," म्हणायचा. "नांगरायला नको, राखायला नको." आणि बायकोला घेऊन याच गाडीनं निघायचा.

तो श्रावणात गेला.

सकाळी पुण्याहून मुलाचा, प्रभूचा, फोन आला होता. "अव्वा, एकटी कुठं जातीस? यंदा राहू दे की."

"तुज्या अप्पांनी एक बी येळवस चुकवली न्हाय. मी का चुकवू?" असं म्हणून तिनं फोन ठेवला होता. वर स्वतःचंच कौतुकही वाटलं होतं तिला.

गर्दी थोडी ओसरली. एसटीची पहिली पायरी काशम्माच्या गुडघ्याच्याही वर. स्टूल त्यासाठीच होतं. लग्नानंतरच्या पहिल्या येळवशीला चनमल्लप्पानं सागाच्या उरल्यासुरल्या फळीतून ते केलं. तो ते पायरीशी ठेवायचा. ती चढायची आणि मागं न बघता आत जाऊन दोघांची जागा धरायची. मग तो स्टूल उचलून, लेंग्याला पुसून, वर यायचा. कंडक्टर हसायचे. "सुतार, राणीसरकारांना पायघड्या बी घाला की!"

घरातही तेच. ओटा, फडताळ, दाराची कडी, खुंट्या, सगळं काशम्माच्या हाताच्या बेतानं. पाहुण्यांची डोकी चौकटीला आपटायची. लोकांच्या घरी याचं माप सुतानं चुकत नाही आणि स्वतःच्या घरी एक धड नाही, असं जातभाई चिडवायचे. चनमल्लप्पा ते कानावर घ्यायचा नाही. चाळीस वर्षं त्या घरात काशम्माला आपण बुटक्या आहोत याची आठवणसुद्धा झाली नाही. आता रोज बाहेर पडलं की होते.

माळावर पोचलं की तो तिला त्याच स्टुलावर उभं करायचा आणि गवतापलीकडं बोट दाखवायचा. "ते बघ काळवीट. दिसलं का?"

"दिसलं की," ती म्हणायची. खरं तर निम्म्या वेळी काही दिसायचं नाही. पण त्याचं तोंड असं फुललेलं असायचं, की नाही म्हणायला तिचा जीव होत नसे.

काशम्मानं पायरीशी स्टूल ठेवलं, दोनदा हलवून पाहिलं. दांडी धरली, मल्लिकार्जुनाचं नाव घेतलं आणि चढली. जमलं की! लोक उगाच काळजी करतात. ती सरळ आत गेली, डावीकडचं तिसरं बाकडं नेमकं रिकामं होतं. खिडकीला बसली, शेजारी गाठोडं ठेवलं आणि पदरानं तोंड पुसलं.

कडेवर पोर घेतलेली एक बाई पुढं आली. "मावशी, हितं कोन हाय का?"

"हाय की," काशम्मा म्हणाली. "येत्यात."

बाई बिचारी दांडीला धरून उभी राहिली. पोर गाठोड्याकडं बघायला लागलं. गाडीचं इंजिन सुरू झालं, पण घंटी काही पडेना. कंडक्टर दारात उभा राहून खाली बघत होता.

"अवो, हे स्टूल कुणाचं?" तो आत वळून ओरडला. "मागं कोन यायचं राहिलंय का?"

सगळी डोकी दाराकडं वळली. काशम्मानं खिडकीतून वाकून पाहिलं. स्टूल फरशीवर होतं, तिनं ठेवलं होतं तिथंच.

ती थांबली. एखादा माणूस वाकून स्टूल उचलेल, लेंग्याला पुसेल आणि वर चढेल, एवढाच वेळ. श्रावणापासून माणसं घरी आली, रडली, गेली. तिनं सगळ्यांना चहा करून दिला. पण ते आता नाहीत, असं तिच्या तोंडून वदवायची वेळ कुणी आणली नव्हती.

"कुणाचं हाय बोला लवकर!"

काशम्मानं शेजारचं गाठोडं उचलून मांडीवर घेतलं. "बस बाई," ती उभ्या बाईला म्हणाली.

मग दाराकडं बघून, गाडीतल्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "माजं हाय त्ये. तेवडं वर द्या, आन सोडा गाडी. मागं कुनी यायचं न्हाय."