पाय टेकायचा नाही

साळूबाईला नवऱ्याशी बोलायचं होतं आणि नवरा सायकलवरून उतरत नव्हता, म्हणून ती त्याच्या बाजूनं मैदानात गोल गोल चालत होती. तो हळू मारत होता, तरी तिला निम्मं पळावंच लागत होतं. एका हातात पिशवी, दुसऱ्या हातानं निऱ्या धरलेल्या. विट्याहून एसटीत धक्के खात आलेली बाई, पण खाली बस म्हणायला कुणी पुढं आलं नाही. बघायला मात्र निम्मी सांगली दोरीपलीकडे उभी होती. हँडलला डबे अडकवलेले कारकून, हळदबाजारातले हमाल, कॉलेजची पोरं, सगळे आपापल्या सायकली धरून.

मंडळानं ठेवलेल्या अखंड सायकल फेरीसाठी नाथाजी रविवारपासून सायकलवर होता. जेवण सायकलवर, दाढी सायकलवर, अंघोळही सायकलवरच. बाकीचं कसं, ते विचारायचं नसतं. अट एकच, पाय जमिनीला टेकायचा नाही.

"उद्या पावणं येनार हाईत," साळूबाई धापा टाकत म्हणाली. "अंजीची सुपारी फुटनार हाय."

"तुजा भाऊ बसंल की बैठकीला."

"मामा हाय त्यो! बाप कुठाय म्हनून इचारलं तर काय सांगू? सांगलीत गोल गोल फिरतोय म्हनून?"

नाथाजीनं हँडल वळवलं. ती बाहेरच्या बाजूला होती, तिला आणखी जोरात चालावं लागलं.

"परवा सांजेला उतरतो. मग येतोच."

"गेल्या खेपंला तुमी मिरजंत फिरत हुता. पावणं च्या पिऊन उठून गेलं. ह्ये बी गेलं, तर पोरीला दारात कोन उभं करंल?"

"आता उतरलो तर लोक तोंडात शेण घालतील, साळू. गावात मला कुत्रं इचारत न्हाई. हितं बघ, हार घालत्यात."

"मी इचारतीया न्हवं? अंजी इचारतीया. आबा येनार का म्हनून सकाळी निघताना माज्या मागं लागली हुती."

नाथाजी पायडल मारत राहिला. तिच्या डोळ्यांत पाणी आलं ते रागाचं. माणूस समोर असून हाताला लागत नाही, थांबत नाही, आणि आपण मूर्खासारखं त्याच्या मागनं पळतोय, याचा तिला भयंकर संताप आला होता.

तेवढ्यात मंडळाचे सेक्रेटरी चिंतामणराव यांची नजर तिच्यावर पडली. माईक त्यांच्या हातात होताच. "बंधुभगिनींनो, नाथाजीरावांच्या सौभाग्यवती खास त्यांना प्रोत्साहन द्यायला गावाहून आल्या आहेत! टाळ्या झाल्या पाहिजेत! आता वहिनी त्यांना ओवाळतील."

टाळ्या झाल्या. शेजारच्या घरातून कुणीतरी ताट आणलं. निरांजन, कुंकू, अक्षता, सुपारी. दोघा कार्यकर्त्यांनी पुढून-मागून सायकल उभी धरली. नाथाजी पाय पायडलवरच ठेवून छाती काढून बसला. फोटोग्राफर पुढं सरकला.

साळूबाईनं ताटातल्या सुपारीकडे जरा वेळ बघितलं. मग नवऱ्याला कुंकू लावलं, ओवाळलं, हँडलला कुंकू लावलं. ताट खाली ठेवून ती मागच्या चाकाशी वाकली. दसऱ्याला सायकलची पूजा करतात तशीच वाकली, त्यामुळे कुणाला काही वाटलं नाही. घरी चाकात हवा भरायचं काम तिचंच, हात बरोबर जागेवर गेला. तिनं टोपण फिरवलं आणि व्हॉल्व उपसून मुठीत घेतला. कर्ण्यावरच्या गाण्यात फुस्स झालेलं लोकांना ऐकू गेलं नाही. नाथाजीला मात्र सीटखालची सायकल खचलेली कळली.

त्यानं वळून खाली बघितलं.

"आता उतरा," ती हळूच म्हणाली. "चाकच बसलं, त्याला तुमी काय करनार? कोन नावं ठेवनार न्हाई. पाचाच्या गाडीनं दोघं मिळून जाऊ."

नाथाजीचा डावा पाय पायडलवरून सुटला. जमिनीपासून वीतभर वर तो लोंबकळत राहिला. साळूबाई त्या पायाकडे बघत होती. देवाकडे बघावं तशी बघत होती म्हटलं तरी चालेल.

"अरे, चाक बसलं!" दोरीपलीकडून कुणीतरी ओरडलं. "नाथाजीराव, सोडू नका! हाणा तसंच!"

गर्दीतून शिट्ट्या सुरू झाल्या. पाय पुन्हा पायडलवर गेला. कार्यकर्त्यांनी हात सोडले आणि सायकल खडखड करत, एका अंगाला झोल खात पुढं निघाली. नाथाजीनं मागं बघितलं नाही.

साळूबाई उठली. मूठ उघडून तिनं व्हॉल्व ताटात टाकला. ताटातली सुपारी उचलली आणि पदराच्या टोकाला गाठ मारून बांधली.

"वहिनी," चिंतामणराव माईक बाजूला धरून म्हणाले, "ती सुपारी ताटात राहू द्या. अजून ओवाळणारे येतील."

"त्यास्नी दुसरी आना," ती म्हणाली. "ही उद्या माज्या हातानं फुटनार हाय."

दोरी वर करून ती वाकून बाहेर पडली आणि लोकांच्या सायकलींमधून वाट काढत स्टँडकडे चालू लागली. पाठीमागं माईक पुन्हा खणखणला. "चाकात हवा नाही, तरी नाथाजीराव थांबत नाहीत! याला म्हणतात जिद्द!"

नाथाजी फेरी मारून परत तिथं आला, तेव्हा जमिनीवर ताट होतं. निरांजन विझलं होतं, शेजारी व्हॉल्व पडला होता. हात खाली केला तरी तो पोचत नव्हता, आणि उतरायचं तर नव्हतंच.