सातवी चिठ्ठी

वऱ्हांड्यात वाटप सुरू झालं, ही खबर आत आली आणि अख्खा जलसा हलला. मागच्या बाकांवरचे मास्तर लोक वाकून वाकून बाहेर सटकू लागले. जिल्हाभरच्या शिक्षकांचा हा जलसा, म्हणजे संमेलन, वर्षातून एकदा औरंगाबादेत भरायचा, आणि कुणी काही म्हणो, निम्मे लोक तिथं फुकट मिळणाऱ्या वस्तूंसाठीच यायचे. गेल्या साली दौती मिळाल्या होत्या. औंदा मुंबईच्या कुणा व्यापाऱ्यानं फूटपट्ट्या, कॅलेंडरं आणि पृथ्वीचे पंचवीस गोल पाठवले होते. जो आधी पोचेल, त्याला गोल.

सांडू मास्तरांना या लोकांची कीव यायची. ते स्वतः घ्यायला नाही, बोलायला आले होते. वेरूळजवळच्या त्यांच्या वाडीच्या शाळेत तेवीस पोरं. त्यांत नऊ मुली. तिसांहून कमी पोरांच्या शाळा मोडून मोठ्या शाळेत मिसळाव्यात, असा ठराव आज यायचा होता. शाळा मोडली तर घाट चढून खुलताबादेला जायचं. मुलगे कसेबसे जातील, पण मुलींना एवढ्या लांब कोण पाठवतंय?

निजामी अंमलात जलशाचं कामकाज उर्दूत चालायचं. सांडू मास्तरांची उर्दू अडखळती. म्हणून खुलताबादच्या शाळेतल्या मुख्तार मास्तरांनी आठ दिवस त्यांच्याकडून भाषण घोटवून घेतलं होतं. “लफ्ज चुकला तर चुकू द्या मास्तर, आवाज पडू द्यायचा नाय,” ते बजावायचे. ज्याला बोलायचं त्यानं आधी सदरांकडं, म्हणजे अध्यक्षांकडं, नावाची चिठ्ठी द्यायची, असा दंडक. सांडू मास्तरांची चिठ्ठी सातवी होती.

आत्ता तिसरा बोलत होता, आणि त्याचं चऱ्हाट काही संपत नव्हतं.

सांडू मास्तरांची नजर दाराकडं गेली. पृथ्वी गोल आहे, हे ते कवठ हातात धरून शिकवायचे. परवाच वच्छलानं विचारलं होतं, “मास्तर, मंग खालच्या अंगाची माणसं पडत कशी नायत?” तेवढी एक पोर असं काहीबाही विचारायची. कवठावर तिला काय दाखवणार?

“मुख्तारभाई, पोरांसाठी एक गोल घिऊन येतो. आलोच.”

“बसा मास्तर. गोल-बिल बाद में.”

“आजून तिघं हायेत माझ्या आधी,” म्हणत ते उठलेच.

वऱ्हांड्यात ही झुंबड. रेटारेटीत एका म्हाताऱ्या मास्तराचा डोक्याचा रुमाल खाली पडला. सांडू मास्तर थांबले नाहीत. पुढं पैठणचे मास्तर उभे होते, ज्यांची चिठ्ठी पाचवी होती. त्यांच्याही पुढं चौथे आणि सहावे. “तुमी बी?” म्हणून सगळे एकमेकांकडं बघून हसले. हसताना कुणाच्याच ध्यानात काही आलं नाही.

सांडू मास्तरांना गोल मिळाला. निळाशार, लाकडी बैठकीवर फिरणारा. तो छातीशी धरून ते आत आले, तेव्हा दालन निम्मं रिकामं होतं आणि व्यासपीठावरून पाहुण्यांचे आभार चालले होते. मुख्तार मास्तर मान खाली घालून बसले होते.

“आपला ठराव कवा?”

“झाला.”

“झाला म्हंजी?”

“तिसऱ्यानं आटपलं. चौथा नव्हता, पाचवा नव्हता, सहावा नव्हता.” मुख्तार मास्तरांनी मान वर केली नाही. “तुमचं नाव तीनदा पुकारलं. मी उठलो, तर सदर म्हणाले, दुसऱ्याच्या चिठ्ठीवर बोलता येत नाही. मग म्हणाले, कुणाचीच हरकत नाही, ठराव मंजूर.”

सांडू मास्तर तसेच पुढं धावले. “साहेब! मी हाये, साहेब!” आठ दिवस घोटलेली उर्दू कुठल्या कुठं गेली. सदरांनी हात वर करून त्यांना थांबवलं. पुढच्या रांगेतल्या लोकांनी त्यांच्याकडं पाहिलं, मग त्यांच्या हातातल्या गोलाकडं पाहिलं, आणि कुणीतरी फिसकन हसलं.

परतीच्या गाडीत मुख्तार मास्तर शेजारीच बसले होते. खुलताबादला उतरताना त्यांनी सलामही केला नाही.

बाराव्या दिवशी हुकूम आला. सांडू मास्तरांनी तो शाळेपुढं जमलेल्या लोकांना मराठीत सांगितला. आत पोरं गोल फिरवून फिरवून खिदळत होती. माणसं एकेक करून पांगली. वच्छलाची आई सारजाबाई तेवढी मागं राहिली.

“उद्यापून वच्छीला खुरपायला नेते,” ती म्हणाली. “तिला घाटानं एकली कशी धाडू?” मग तिनं विचारलं, “पर मास्तर, तुमी तितं बोललात न्हवं आमच्या पोरींसाठी?”

सांडू मास्तरांनी हुकमाच्या कागदाची घडी घातली.

“बोललो,” ते म्हणाले. “लई बोललो, बाई. कुणी ऐकलं नाय.”

सारजाबाईनं डोक्यावरचा पदर सारखा केला, आणि वाकून त्यांच्या पायांवर डोकं ठेवलं.