शुक्रवारी न्यायला ये

मेजर हॅलमनी तो बिनकानाचा छोटा कप हातात घेतला, वास घेतला आणि न पिताच पायाशी गालिच्यावर ठेवून दिला.

झालं! डॉक्टर सुनीतीच्या जिवाची घालमेल सुरू झाली. स्टॅनमोरहून तासभर गाडी हाकत, मिल्टन कीन्सच्या राउंडअबाउटना गरागरा फेऱ्या घालत तिनं आपल्या या शेजाऱ्याला इथवर आणलं होतं. वय ब्याऐंशी, नजर अधू झाल्यानं लायसन्स गेलेलं, पण हा माणूस सकाळी सातलाच टाय लावून तिच्या दारात हजर. आणि आता यजमानांची कॉफी अशी ठेवून द्यायची? कोणाकडे गेलं की समोर आलेल्या कपाला तोंड तरी लावावं, एवढं तिच्या आईनं तिला सहाव्या वर्षी शिकवलं होतं.

यजमान म्हणजे सालेम. सत्त्याहत्तर वर्षांचा, वाळक्या अंगाचा, डोक्याला चौकड्याचा रुमाल. येमेनमध्ये लढाई पेटल्यावर तो नातीकडे राहायला आला होता. नात हलीमा पूर्वी सुनीतीच्या हॉस्पिटलात फार्मसीत होती. गेल्या महिन्यात तिनं व्हॉट्सॲपवर आजोबांचा एक जुना फोटो पाठवला. लँड रोव्हरच्या स्टिअरिंगवर कोवळा सालेम, शेजारी गोरा अधिकारी. सुनीती उडालीच. मेजरच्या डोळ्यांत थेंब घालायला ती रोज सकाळी जायची, आणि हाच फोटो त्यांच्या भिंतीवर टांगलेला होता.

तेव्हा एडनच्या पलीकडे, वाळवंटातल्या एका अरब पलटणीवर चोवीस वर्षांचे हॅलम अधिकारी होते आणि सालेम त्यांचा ड्रायव्हर. मग इंग्रजांनी तिथून गाशा गुंडाळला, त्याला आता साठेक वर्षं होत आली.

मघाशी दारात दोघं म्हातारे एकमेकांचे हात सोडायला तयार नव्हते. आणि आता हे!

"मेजर, गार होतेय हो," ती कुजबुजली.

मेजरची पाठ ताठ, हात गुडघ्यांवर. शेवटी न राहवून सुनीतीनंच वाकून कप उचलला, त्यांच्या हातात द्यायला. हलीमानं झटकन तिचं मनगट धरलं.

"ठेवा, डॉक्टर. आमच्यात काही मागायला आलेला पाहुणा कॉफी खाली ठेवतो. मागणं मान्य झालं तरच पितो. नाही तर तसाच उठून जातो."

सुनीतीनं कप मुकाट्यानं होता तिथे ठेवला. तिला तर मेजर 'भेटून येऊ' एवढंच म्हणाले होते.

सालेमनं कपाकडे पाहिलं, मग मेजरकडे. "माग," तो अरबीत म्हणाला. हलीमा सुनीतीच्या कानाशी इंग्रजीत सांगू लागली.

"शेवटच्या दिवशी तू मला विमानापाशी सोडलंस," मेजर म्हणाले. त्यांची अरबी अडखळत होती, पण ते थांबले नाहीत. "मी म्हणालो, शुक्रवारी न्यायला ये. मी येणार नाही, हे मला तेव्हाच माहीत होतं. कोणाला सांगायचं नाही असा हुकूम होता. पण तुला मी सांगायला हवं होतं, सालेम. मला माफ कर."

सुनीतीला भरून आलं. त्या फोटोबद्दल विचारलं की मेजर लगेच हवापाण्यावर घसरायचे. काय म्हणावं या माणसाला! एवढं ओझं एकट्यानं वाहायचं?

"मी गेलो होतो," सालेम म्हणाला. "गाडी धुतली. टाकी भरली. सकाळपासून दिवस मावळेपर्यंत धावपट्टीपाशी बसलो. पुढच्या शुक्रवारीही गेलो. पलटणीतले हसायचे मला."

मेजरनी मान खाली घातली. ते उठण्यासाठी काठी चाचपू लागले.

"बस," सालेम म्हणाला. आणि त्यानं आपल्या हातातला भरलेला कप मेजरच्या कपाशेजारी खाली ठेवला.

हलीमा सांगायचीच थांबली.

"अगं, काय झालं?" सुनीतीनं विचारलं.

"घरचा माणूस कधी कप ठेवत नाही. आजोबांनाच काहीतरी मागायचंय."

"शुक्रवारी ये," सालेम म्हणाला.

मेजरनी सुनीतीकडे पाहिलं. गाडी तिची होती.

शुक्रवारी सुनीतीकडे मंडळाच्या बारा बायका जेवायला यायच्या होत्या. पुरणपोळ्या कबूल करून बसली होती ती. जाऊ दे, खातील पिझ्झा, मरत नाहीत.

"आणते मी," ती म्हणाली. "हलीमा, सांग त्यांना, मी आणते."

हलीमानं सांगितलं. सालेमनं मान डोलावली, पण कप काही उचलला नाही. तो आणखी काहीतरी म्हणाला, आणि हलीमाला सांगताना हसूही आलं आणि डोळेही पुसावे लागले.

"ते विचारताहेत, किती वाजता? तेव्हा विचारायचं राहून गेलं, म्हणून दिवसभर बसावं लागलं."

"अकरा," मेजर म्हणाले. "बरोबर अकरा."

सालेमनं वाकून दोन्ही कप उचलले आणि एक मेजरच्या हातात दिला. कॉफी पार गारढोण झाली होती. दोघांनी ती तळापर्यंत प्यायली.

सुनीतीनं फोन काढला आणि शुक्रवारवर लिहिलं, 'निघणे: साडेनऊ'. मग तिला ते राउंडअबाउट आठवले. तिनं साडेनऊ खोडून नऊ केलं.