हट्टी लाकूड

१९८६ साली सासूबाई गेल्या आणि सासऱ्यांनी अंथरूण धरलं. सुनेने नातीच्या फिशटँकमध्ये शोभेला ठेवायचं नदीकाठचं लाकूड उकळून बादलीत भिजत घातलं. "बाबा, याचं पाणी चहासारखं लाल होतं. नितळ येईपर्यंत रोज बदलाल?"

ते कुरकुरत उठले. मग रोजच उठू लागले, दाढीही करू लागले. महिना झाला तरी पाणी लालच.

एका पहाटे सून बादलीत कोरा चहा ओतत होती. मागून आवाज आला, "सूनबाई, साखर नाही ना घातलीस? माशांना सोसायची नाही. आणि उरलेला मला दे."

सासरे पुढे नऊ वर्षं जगले. नात जनावरांची डॉक्टर झाली. सून आता स्वतःच आजी आहे. तिला सकाळचा चहा कोरा, बिनसाखरेचाच लागतो.