सगळ्यांच्या आवाजाचं मोल

अर्धांगवायूनंतर नलिनीताईंची वाचा अडखळू लागली, तेव्हा भालचंद्र सप्रे यांनी पत्नीसाठी बोलण्याचा सराव करून घेणारं अ‍ॅप घेतलं. त्याची वर्गणी ते दरमहा भरत. नलिनीताई रोज सकाळी चिपळूणच्या घरी गॅलरीत बसून फोनशी बोलत, आणि शब्द हळूहळू परतत होते.

मग कंपनीचा मेल आला. वर्गणीदारांच्या आवाजांवरूनच अ‍ॅपला अडखळतं बोलणं ओळखायला शिकवलं होतं, आणि आता ते रुग्णालयांना विकलं जाणार होतं. भालचंद्र संतापले. "पैसे आपण द्यायचे, वर आवाजही आपलाच," म्हणत त्यांनी कंपनीला फोन लावून स्पीकरवर टाकला.

कंपनीतली मुलगी सौम्यपणे म्हणाली, "काका, तुमची वर्षभराची वर्गणी माफ करते. फक्त या माफीबद्दल बाहेर कुठे बोलू नका."

भालचंद्रांना ते पटलं. ते हो म्हणणार, एवढ्यात नलिनीताईंनी फोन ओढून घेतला.

"माझी... एकटीची नको." त्यांच्या कपाळावर घाम आला होता. "ज्यांचा आवाज घेतला... त्या सगळ्यांची करा."

आजारपणापासून त्यांचं प्रत्येक वाक्य भालचंद्रच पुरं करत. या वेळी ते ओठ मिटून पत्नीकडे नुसते बघत राहिले.

"काकू, हे साहेबांना विचारावं लागेल."

"विचार. मी... थांबते."

दिवाळीच्या आत सगळ्याच वर्गणीदारांना वर्गणी माफ झाल्याचा मेल आला. भालचंद्र तो मोठ्याने वाचू लागले, तर नलिनीताईंनी हात पुढे केला.

"द्या इकडे. मी वाचते."